परदेशातील शास्त्रज्ञाला परत आणताना: संस्थांसाठी सविस्तर मार्गदर्शन

हा लेख भारतातील, त्यातही महाराष्ट्रातील, संशोधन संस्था आणि विद्यापीठांचे विभागप्रमुख, अधिष्ठाता, संचालक आणि कुलसचिव यांच्यासाठी लिहिला आहे. परत येण्याचा विचार करणाऱ्या संशोधकालाही तो उपयोगी पडावा, कारण संस्थेकडे काय मागावे आणि काय लेखी घ्यावे हे त्यातून कळेल. केंद्र सरकारच्या योजना गेल्या वीस वर्षांत बऱ्याच झाल्या आणि त्यांची माहितीही सहज मिळते. तरीही मनापासून परत येऊ इच्छिणारा माणूस अनेकदा येत नाही, किंवा येऊन दोन-तीन वर्षांत पुन्हा निघून जातो. त्याचे कारण शोधायला गेल्यास ते योजनेच्या रकमेपेक्षा संस्थेच्या कार्यालयात अधिक वेळा सापडते: न पाठवलेले उत्तर, तोंडी दिलेले प्रयोगशाळेचे आश्वासन, खरेदी समितीपुढे अडकलेले यंत्र, जोडीदाराच्या नोकरीबद्दल कोणीच न काढलेला विषय. या चारही गोष्टी दिल्लीच्या हातात नसून संस्थेच्या हातात आहेत.

सध्याचा काळ अशा विचारणांचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने कुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले आणि त्याच वर्षी तिथल्या संशोधन-अनुदानांनाही कात्री लागली. पण तिकडून बाहेर पडणारा माणूस आपोआप इकडे येईल, अशा भ्रमात राहू नये. जर्मनी, सिंगापूर, कॅनडा यांचाही त्याच माणसावर डोळा आहे, आणि देशाच्या एकूण उत्पन्नाचा जेमतेम ०.६४ टक्के भाग संशोधनावर खर्च करणाऱ्या आपल्यासारख्या देशाला पैशाच्या शर्यतीत त्यांच्या पुढे जाता येणार नाही.

आधी काम ठरवावे, मग माणूस शोधावा

बहुतेक जाहिराती विषयाच्या नावाने निघतात: भौतिकशास्त्र दोन पदे, जीवशास्त्र तीन पदे. देशातल्या उमेदवाराला तेवढे पुरते, कारण संस्थेविषयी बाकीचे त्याला ठाऊक असते किंवा कोणाला तरी विचारता येते. परदेशात बसलेल्या उमेदवाराला त्यातून काहीच कळत नाही. म्हणून विभागाने प्रथम दोन पानांचे टिपण तयार करावे. पुढील दहा वर्षांत विभाग कोणत्या प्रश्नांवर काम करू इच्छितो, आज कोणती यंत्रे चालू स्थितीत आहेत, ती चालवायला तंत्रज्ञ आहे का, आणि तासाभराच्या अंतरावर आणखी काय उपलब्ध आहे, एवढे त्यात स्पष्ट असावे. पुण्यातील विभागाने राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), आयुका (आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्र), राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था यांचा उल्लेख केला नाही, तर तो स्वतःचेच नुकसान करून घेतो. नागपूरच्या विद्यापीठाने नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था शेजारी असल्याचे लिहावे. शेजारच्या संस्थेतील सूक्ष्मदर्शक वापरण्याचा लेखी करार असेल, तर तो आपल्या मालमत्तेतच धरावा.

या टिपणात एक परिच्छेद असा हवा, जो दुसऱ्या कोणत्याही देशातील संस्था लिहू शकणार नाही. विदर्भातील सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार, मराठवाड्यातील भूजल, कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवरची वनस्पतिसृष्टी, सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस हे अभ्यासविषय बोस्टन किंवा म्युनिचमध्ये बसून पूर्णपणे हाताळता येत नाहीत. पगारात आपण मागे आहोत हे दोन्ही बाजूंना माहीत असते. माझ्या मते देशप्रेमाचे आवाहन करण्यात एक ओळही खर्च करू नये. ज्याला ते जाणवते त्याला सांगावे लागत नाही, आणि ज्याला जाणवत नाही त्याला ते दडपण वाटते.

त्यानंतर कोणत्या टप्प्यावरचा माणूस हवा ते ठरवावे. पीएच.डी.नंतर तीन ते सहा वर्षे परदेशात काम केलेला, स्वतःचा प्रश्न सापडलेला, पण स्वतःची प्रयोगशाळा अजून न उभारलेला संशोधक परत येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि बहुतेक योजनांच्या वयोमर्यादाही त्याच्याच बेताच्या आहेत. पन्नाशीतील, तिथे कायम झालेल्या, मुले महाविद्यालयात असलेल्या प्राध्यापकाला कायमचे परत आणण्याच्या प्रयत्नात संस्थेची वर्षे जातात. त्याला दरवर्षी महिना-दोन महिने आणणे अधिक फलदायी ठरते. त्यासाठीच्या योजनांची माहिती पुढे दिली आहे.

पहिला संपर्क आणि त्याचे उत्तर

जीवशास्त्रात शोधाची एक तयार वाट आहे. ‘यंग इन्व्हेस्टिगेटर्स मीटिंग’ ही वार्षिक बैठक २००९ पासून भरते आणि तिथे परदेशातील पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर तात्पुरत्या पदावर संशोधन करणारे, भारतातील संस्थांच्या संचालकांना थेट भेटतात. आपल्या संस्थेचा प्रतिनिधी तिथे पाठवावा, आणि तो निर्णय घेऊ शकणारा असावा. इतर विषयांत माजी विद्यार्थी हाच उत्तम मार्ग असतो. प्रत्येक विभागाने आपले कोणते विद्यार्थी आज कुठे काम करत आहेत याची यादी ठेवावी आणि ती दरवर्षी एकदा ताजी करावी.

डिसेंबर-जानेवारीत यांपैकी पुष्कळ जण लग्नकार्याला किंवा आईवडिलांना भेटायला येतात. त्यांना ऑक्टोबरमध्येच लिहून एका व्याख्यानासाठी आमंत्रण द्यावे आणि शक्य झाल्यास दोन दिवस ठेवून घ्यावे. संचालकांबरोबरचे जेवण ठीकच आहे, पण त्याहून महत्त्वाच्या भेटी तीन आहेत: नुकत्याच रुजू झालेल्या तरुण प्राध्यापकाशी, लेखाधिकाऱ्याशी आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांशी, तीही वरिष्ठ उपस्थित नसताना. देऊ करायची असलेली खोली त्याला प्रत्यक्ष दाखवावी. त्या खोलीत आज जुनी कपाटे भरलेली असतील तर कपाटांसकट दाखवावी आणि ती कधी रिकामी होणार ते सांगावे.

उत्तर कसे द्यावे याचा आपल्याकडचा सर्वांत शिकण्यासारखा दाखला साठ वर्षांपूर्वीचा आहे. १९६१ साली बर्कले येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेचे अधिवेशन भरले असताना गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, एम. आर. कुंडू आणि टी. कृष्णन या परदेशात काम करणाऱ्या चार भारतीय रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र परत येण्याचा विचार केला आणि सप्टेंबरमध्ये तसा प्रस्ताव होमी भाभा यांच्यासह देशातील काही प्रमुखांना पाठवला. जानेवारी १९६२ मध्ये भाभांची तार गेली: टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापण्याचे ठरले आहे, नेमणुकीचे पत्र मागून येत आहे. त्या वेळी संस्थेत असा गट नव्हता आणि रिक्त पदाची जाहिरातही नव्हती. माणसे समोर आली म्हणून गट निर्माण झाला. स्वरूप १९६३ मध्ये परतले. ऑस्ट्रेलियाने भेट दिलेल्या ३२ छोट्या तबकड्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत न वापरता पडून होत्या. त्या मिळवून १९६५ पर्यंत कल्याणजवळ पहिली दुर्बीण उभी राहिली. १९७० मध्ये उटीची ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली आणि पुढे जुन्नर तालुक्यात खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची महाकाय दुर्बीण आली.

या कथेत एक बाजू सहसा सांगितली जात नाही. चौघांपैकी कृष्णन आले नाहीत. कुंडू आणि मेनन आले, काही वर्षे राहिले आणि परत गेले. चौघांना बोलावून एक टिकला, आणि तेवढ्यावर विषय उभा राहिला. निवड समितीने मनाशी हेच प्रमाण धरावे: सगळे टिकणार नाहीत, म्हणून एकट्या माणसावर सगळी आशा ठेवू नये आणि शक्य तेव्हा एकाच विषयातील दोघांना बोलवावे. एकटा आलेला संशोधक विभागात बोलायला माणूस नाही म्हणून कंटाळतो, हे कारण राजीनाम्याच्या पत्रात कधी लिहिलेले नसते.

संस्थेला भाभांचे अधिकार नसतात, हे खरे. परंतु आलेल्या चौकशीला आठवड्याभरात विभागप्रमुखाच्या सहीचे उत्तर देणे, पुढील निवड समिती कोणत्या महिन्यात बसेल ते कळवणे आणि तारीख पुढे गेल्यास तेही कळवणे यासाठी कोणाच्याही मंजुरीची गरज नसते. आयआयटी आणि आयसर यांच्या वर्षभर खुल्या असणाऱ्या जाहिरातींचा फायदा इथेच दिसतो. राज्य विद्यापीठांना तसे करता येत नसेल तर निदान पदभरतीचे अपेक्षित वेळापत्रक आधी सांगता येते.

प्रस्ताव लेखी असावा, आणि त्यात तारखा असाव्यात

नेमणूकपत्रात पद, वेतनश्रेणी आणि रुजू होण्याची मुदत एवढेच असते. परदेशातून येणाऱ्याला त्याच्या जोडीला दुसरे एक पत्र हवे असते, आणि ते देण्याची पद्धत आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही. या पत्रात पुढील बाबी वाक्यावाक्याने लिहाव्यात. प्रयोगशाळेसाठी किती चौरस फूट जागा, कोणत्या इमारतीत, आणि ती विजेची जोडणी, पाणी व वातानुकूलनासह कोणत्या महिन्यापर्यंत तयार होईल. प्रारंभिक अनुदान किती, ते कोणत्या लेखाशीर्षातून येणार, आणि खर्चाची मुदत काय. पहिल्या वर्षी शिकवण्याचा भार किती तास. पीएच.डी.चे किती विद्यार्थी घेता येतील आणि पहिली प्रवेशफेरी कधी. निवासस्थान मिळणार का. मिळणार नसेल तर अतिथिगृहात किती महिने राहता येईल. ही सर्व वाक्ये संचालकांच्या सहीने जावीत आणि त्यांची प्रत लेखा विभाग व अभियांत्रिकी विभागाला द्यावी, कारण आश्वासन देणारा आणि ते पाळणारा ही दोन वेगळी माणसे असतात.

जे देता येणार नाही तेही याच पत्रात लिहावे. ‘प्रयत्न करू’ हे शब्द आपल्या कानाला सौजन्याचे वाटतात. दहा वर्षे बाहेर राहिलेला माणूस त्यांचा अर्थ होकार असा घेतो.

वेतनाबद्दल आडपडदा ठेवू नये. आयआयटी आणि आयसरमध्ये पीएच.डी.नंतरचा तीन वर्षांचा अनुभव असलेला सहायक प्राध्यापक सातव्या वेतन आयोगाच्या बाराव्या स्तरावर, म्हणजे १,०१,५०० रुपये मूळ वेतनावर येतो. विद्यापीठांत सुरुवात दहाव्या स्तरावर ५७,७०० रुपयांपासून होते. महागाई भत्ता आणि घरभाडे धरून हाती नेमके किती पडेल याचा नमुना-हिशेब लेखा विभागाकडून करून पाठवावा. परदेशातील अनुभवाची किती वर्षे वेतननिश्चितीत धरली जातील हा प्रश्न रुजू झाल्यावर वर्षानुवर्षे कुजत राहतो; तो आधीच सोडवावा.

पदवीच्या कागदपत्रांचाही विचार आत्ताच करावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार जगातील पहिल्या पाचशे विद्यापीठांपैकी एकाची पीएच.डी. असलेल्या उमेदवाराला नेट या पात्रता परीक्षेशिवाय सहायक प्राध्यापक होता येते. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम केले आहेत. उमेदवाराने परदेशी नागरिकत्व घेतले असेल आणि त्याच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असेल, तर सरकारी नोकरीत त्याला भारतीय नागरिकाइतका हक्क नसतो. त्याला कोणत्या स्वरूपाची नेमणूक देता येईल ते आस्थापना विभागाकडून लेखी घेतल्याखेरीज मुलाखतीला बोलावू नये.

कोणती योजना कोणासाठी

१९५८ मध्ये केंद्राने ‘सायंटिस्ट्स पूल’ सुरू केला, तेव्हापासून परतणाऱ्यांना तात्पुरता आधार देण्याची आपली परंपरा आहे. आजच्या योजना त्याहून उदार आहेत. रकमा बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी चालू वर्षाची जाहिरात वाचावीच.

रामानुजन फेलोशिप ही परदेशात काम करणाऱ्या, चाळिशीच्या आतील भारतीय शास्त्रज्ञांसाठी आहे. पाच वर्षे, दरमहा १,३५,००० रुपये आणि संशोधनासाठी वर्षाला सात लाख असे तिचे स्वरूप राहिले आहे. पूर्वी ती विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती. २०२३ च्या कायद्याने ते मंडळ अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानात विलीन झाले. जीवशास्त्र आणि जैवतंत्रज्ञानातील संशोधकांसाठी जैवतंत्रज्ञान विभागाची रामलिंगस्वामी पुनर्प्रवेश फेलोशिप आहे. वयाने आणखी लहान, पीएच.डी.नंतर लवकर परतणाऱ्यांसाठी इन्स्पायर फॅकल्टी योजना आहे. तीही पाच वर्षांची असून तिच्यात संशोधनासाठी वर्षाला सात लाख मिळतात. आरोग्य व जैववैद्यकाशी नाते असलेल्या विषयांत इंडिया अलायन्सच्या फेलोशिप इतरांपेक्षा मोठ्या असतात. २००८ मध्ये जैवतंत्रज्ञान विभाग आणि लंडनच्या वेलकम ट्रस्टने मिळून ही संस्था उभारली. तिची निवडप्रक्रिया कठोर आणि लांब आहे, पण मुलाखतीपर्यंत पोहोचलेल्या अर्जाचाही पुढे उपयोग होतो. नियमित पदावर नव्याने रुजू झालेल्यांसाठी राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचे पंतप्रधान प्रारंभिक संशोधन अनुदान आहे, ज्यात तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत मिळू शकतात.

यांपैकी बहुतेक फेलोशिपना यजमान संस्थेचे संमतिपत्र लागते. इथे एक व्यवहार स्वच्छ ठेवावा: संमतिपत्र म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हे उमेदवाराला त्याच दिवशी सांगावे. याविषयी शेवटी अधिक लिहिले आहे.

जे कायमचे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी दोन योजना आहेत. २०१७ मध्ये सुरू झालेल्या वज्र योजनेत परदेशातील शास्त्रज्ञ वर्षात एक ते तीन महिने भारतीय संस्थेत काम करतो आणि त्याला पहिल्या महिन्यासाठी १५,००० डॉलर, पुढील प्रत्येक महिन्यासाठी १०,००० डॉलर देण्याची तरतूद करण्यात आली. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या वैभव फेलोशिपमध्ये भारतीय वंशाचा शास्त्रज्ञ तीन वर्षांपर्यंत दरवर्षी एक-दोन महिने येतो. मानधन महिन्याला चार लाख रुपये. ही मदत पाहुणचारात संपू नये म्हणून येणाऱ्याच्या नावावर किमान एक पीएच.डी. विद्यार्थी सह-मार्गदर्शनाखाली द्यावा. पाहुणा परतला तरी विद्यार्थी मागे असतो आणि काम चालू राहते.

यंत्रे: रुजू होण्याच्या आधी सुरू करायचे काम

परतलेल्या संशोधकांची सर्वांत मोठी तक्रार खरेदीविषयी असते. परदेशात सोमवारी मागवलेले रसायन बुधवारी टेबलावर येते. इथे दरपत्रके, तांत्रिक समिती, आर्थिक समिती, जेम या सरकारी ऑनलाइन खरेदी पोर्टलवरील अनुपलब्धतेचा दाखला आणि लेखा विभागाचा शेरा या क्रमाने महिने जातात. नियम बदलण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा आहेत त्या नियमांचा पूर्ण वापर करावा, कारण त्यांत अलीकडे बरीच मोकळीक आली आहे आणि ती अनेक कार्यालयांना अजून अंगवळणी पडलेली नाही.

जून २०२५ मध्ये केंद्राने आपल्या वैज्ञानिक संस्थांसाठी सर्वसाधारण वित्तीय नियमांत सूट दिली. संस्थेचे संचालक किंवा कुलगुरू आता वैज्ञानिक उपकरणे आणि साहित्य जेमबाहेरून घेण्यास मान्यता देऊ शकतात. दरपत्रकाविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली, खरेदी समितीमार्फतची दहा लाखांवरून पंचवीस लाखांवर, आणि मर्यादित निविदेची एक कोटीवर. दोनशे कोटींपर्यंतच्या जागतिक निविदेला मंजुरी देण्याचा अधिकारही संस्थाप्रमुखाकडे आला. पूर्वी त्यासाठी वर विचारावे लागे. लेखाधिकाऱ्याच्या टेबलावर या आदेशाची प्रत आहे का, हे विभागप्रमुखाने स्वतः पाहावे. राज्य विद्यापीठांना राज्याचे स्वतंत्र खरेदी-नियम लागू होतात, त्यामुळे वरील मर्यादा त्यांनी आपल्या समजू नयेत.

किमतीचा अंदाज करताना कर विसरू नये. १८ जुलै २०२२ पासून संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर मिळणारा पाच टक्क्यांचा सवलतीचा वस्तू व सेवा कर रद्द झाला आणि बहुतेक यंत्रांवर १८ टक्के लागू लागले. जिथे हा दर लागतो तिथे पन्नास लाखांच्या यंत्राला नऊ लाख करापोटीच जातात, आणि सात लाखांच्या वार्षिक अनुदानातून चालणाऱ्या संशोधकाला ही रक्कम मोडून टाकणारी आहे. संस्थेने प्रारंभिक अनुदान ठरवताना ते करासहित ठरवावे. आयातीवरील सीमाशुल्कातील सवलतीसाठी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची नोंदणी लागते. तिची मुदत संपलेली नाही ना, ते तपासावे.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. उमेदवाराने होकार कळवताच त्याच्याकडून यंत्रांची यादी तांत्रिक तपशिलांसह मागवावी. विभागातील एका नियमित प्राध्यापकाला त्या खरेदीचा प्रभारी नेमावे, म्हणजे तो माणूस परदेशात असतानाच निविदा निघू शकते. होकार आणि रुजू होणे यांत साधारण सहा ते नऊ महिने जातात. हाच काळ वाया जातो. त्याच वेळी जागेच्या दुरुस्तीचे अंदाजपत्रकही मंजूर करून घ्यावे. यंत्र आले आणि त्याला लागणारी स्थिर वीज नाही, हा प्रकार फार ठिकाणी पाहायला मिळतो.

जीवशास्त्रातील संशोधकाचे सामान खोक्यांत मावत नाही. पेशी, जिवाणूंचे वाण, बियाणे, जनुकीय बदल केलेले प्राणी आणायचे तर परवानग्या वेगवेगळ्या लागतात: वनस्पतींचे बियाणे राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोमार्फत येते, जनुकीय बदल केलेल्या सजीवांसाठी संस्थेची जैवसुरक्षा समिती कार्यरत असावी लागते, प्राण्यांवरील प्रयोगांसाठी नोंदणीकृत प्राणिगृह आणि आचार समिती लागते. या समित्यांच्या बैठका वर्षातून मोजक्याच होतात. येणाऱ्याचा अर्ज तो येण्यापूर्वीच्या बैठकीत ठेवता आला तर त्याची एक पूर्ण तिमाही वाचते.

घर, जोडीदार, मुले

दक्षिण कोरियाने १९६६ मध्ये आपली विज्ञान व तंत्रज्ञान संस्था उभारली, तेव्हा परदेशातील कोरियन शास्त्रज्ञांना बोलावताना विद्यापीठातील प्राध्यापकांहून अधिक पगार आणि राहायला घर दिले. पगाराची गोष्ट आपल्याला जमणार नाही. घराची जमू शकते, निदान पहिल्या वर्षापुरती.

जोडीदाराचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा निर्णायक ठरतो, आणि निवड समितीला तो खासगी वाटतो म्हणून कोणी विचारत नाही. मुलाखतीत विचारूही नये. निवड झाल्यावर विभागप्रमुखाने वेगळ्या बोलण्यात तो विषय काढावा. दोघेही शास्त्रज्ञ असतील तर दोघांचे अर्ज एकाच वेळी, पण स्वतंत्र समित्यांपुढे ठेवावेत, म्हणजे निवडीवर पुढे बोट ठेवता येणार नाही. एकाच संस्थेत जमत नसेल तर शहर उपयोगी पडते. पुण्या-मुंबईत आणि काही प्रमाणात नागपुरात दुसऱ्या जोडीदारासाठी प्रयोगशाळा, औषध कंपन्या, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील व्हेंचर सेंटरसारखी उद्योगनिर्मिती केंद्रे आणि महाविद्यालये आहेत. शेजारच्या संस्थेच्या संचालकांना स्वतः फोन करणे हे यजमान संस्थेचे काम आहे. आलेल्या दांपत्याने दारोदार फिरावे अशी अपेक्षा धरू नये.

मुलांच्या शाळेबाबत महाराष्ट्रात एक खास गोष्ट सांगावी लागते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी शिकवणे सक्तीचे आहे. आईवडील मराठी असले तरी जर्मनीत वाढलेले दहा वर्षांचे मूल घरात मराठी बोलते, पण वाचू शकत नाही. अमराठी कुटुंबात तेवढेही नसते. कोणती शाळा अशा मुलांना सांभाळून घेते, प्रवेशाचे अर्ज कोणत्या महिन्यात निघतात, केंद्रीय विद्यालय जवळ आहे का, याची एक पानी माहिती संस्थेतल्याच पालकांकडून तयार करून घ्यावी. कुटुंबाने शैक्षणिक वर्षाच्या आरंभी यावे, निविदांच्या सोयीने येऊ नये.

करांबाबत थोडेच सांगतो, कारण हे काम सनदी लेखापालाचे आहे. दीर्घकाळ अनिवासी राहिलेल्या व्यक्तीला परतल्यावर साधारण दोन-तीन वर्षे ‘निवासी, पण सामान्यतः निवासी नाही’ असा दर्जा मिळू शकतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही. अमेरिकेतून येणाऱ्याने हेही पाहावे की तिथल्या सामाजिक सुरक्षेच्या निवृत्तिवेतनासाठी चाळीस तिमाह्यांचे, म्हणजे सुमारे दहा वर्षांचे योगदान लागते आणि भारत-अमेरिका यांच्यात याविषयी करार नाही. नऊ वर्षे झालेल्या माणसाने एक वर्ष उशिरा येण्याची मुदत मागितली तर ती द्यावी.

पहिले अठरा महिने

रुजू झाल्यानंतर विभागाने त्याच्याबरोबर एक अनुभवी सहकारी जोडून द्यावा. त्याचे काम विज्ञान शिकवण्याचे नाही. टिपणी कशी लिहावी, अनुदान ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र कधी पाठवावे, कोणत्या टेबलावर फाईल थांबते हे सांगण्याचे आहे. अनुदानाच्या पैशाचे वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात समजावून द्यावे. केंद्राच्या बहुतेक योजनांत आता पैसा संस्थेच्या खात्यात पडून राहत नाही. मंजूर मर्यादेतून खर्च करायचा असतो आणि मार्चअखेर न वापरलेली रक्कम परत जाते. जानेवारीत मंजुरी आली तर हातात दहा आठवडे असतात. निविदा आधीच तयार असलेला संशोधकच तेवढ्या अवधीत खर्च करू शकतो.

विद्यार्थी हा दुसरा अडसर. प्रवेशफेरी वर्षातून एक-दोनदाच होते. सप्टेंबरमध्ये आलेल्याला पुढच्या जुलैपर्यंत एकही विद्यार्थी मिळत नाही. ही पोकळी भरण्यासाठी संस्थेच्या निधीतून एक प्रकल्प-सहायक पहिल्या दिवसापासून द्यावा. कनिष्ठ संशोधक शिष्यवृत्तीच्या सध्याच्या दराने, महिना ३७,००० रुपये धरले तरी, वर्षाचा खर्च साडेचार लाखांच्या आत राहतो. संस्थेने केलेल्या सर्व खर्चात याइतका परतावा दुसऱ्या कशाचाही नसेल.

पाचव्या वर्षाची तयारी तिसऱ्या वर्षी

फेलोशिपवर आलेल्यांची खरी परीक्षा इथे होते. रामानुजन, रामलिंगस्वामी आणि इन्स्पायर या तिन्ही योजना पाच वर्षांनी संपतात आणि यजमान संस्थेवर त्या माणसाला कायम करण्याचे बंधन नसते. दोन वर्षे प्रयोगशाळा उभारण्यात गेलेली असतात, तिसऱ्या वर्षी निकाल येऊ लागतात, आणि चौथ्या वर्षी तो पुन्हा नोकरीचे अर्ज लिहू लागतो. त्या वेळी वय चाळिशीच्या आसपास, मुले शाळेत, परदेशातील संपर्क विरळ झालेले. जुन्या पूल योजनेवरचा मुख्य आक्षेपही हाच होता की ती परतलेल्या माणसाला प्रतीक्षागृहात बसवते.

संस्थेने संमतिपत्र देण्यापूर्वी पुढील पाच वर्षांत त्या विषयात निवृत्तीने किंवा नव्या मंजुरीने कोणती पदे रिकामी होणार याचा तक्ता पाहावा. पद दिसत नसेल तर फेलोशिप स्वीकारण्यापूर्वी उमेदवाराला तसे कळवावे. तो तरीही येऊ शकतो, पण डोळे उघडे ठेवून येईल. पद दिसत असेल तर तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस बाहेरच्या तज्ज्ञांकडून त्याच्या कामाचे मूल्यमापन करावे, त्याचा लेखी निष्कर्ष त्याला द्यावा आणि चौथ्या वर्षी नियमित जाहिरात काढावी. निवड खुलीच व्हावी आणि त्याला इतरांबरोबर स्पर्धा करावी लागावी. फक्त ती स्पर्धा वेळेत व्हावी.

मूल्यमापन करताना पहिल्या दोन वर्षांतील शोधनिबंधांची संख्या मोजू नये, कारण त्या काळात तो बहुधा वीजजोडणीच्या मागे होता. त्याने उभारलेली सोय, घडवलेले विद्यार्थी, मिळवलेली अनुदाने आणि निवडलेल्या प्रश्नाची खोली पाहावी.

काही जण तरीही जातील. जाणाऱ्याला विभागप्रमुखाने तासभर भेटून नेमके काय अडले ते विचारावे आणि उत्तर नावाशिवाय पुढच्या निवड समितीपुढे ठेवावे. त्याच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांना सह-मार्गदर्शक नेमून द्यावा, त्याला अभ्यागत प्राध्यापक म्हणून तीन वर्षांचे पत्र द्यावे, आणि त्याने आणलेली यंत्रे कुलूपबंद होण्यापूर्वी कोणाच्या ताब्यात जातील ते त्याच महिन्यात ठरवावे.